फाउस्तोच्या गावाला

इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करतात, पिसाचा कलता मनोरा हाताने सावरल्याचा फोटो काढतात आणि परत येतात. कास्तेलानियाचं नाव कुठल्याही टूर कंपनीच्या यादीत नसतं. असण्याचं कारणही नाही. गावात शंभर माणसंसुद्धा राहत नाहीत. टेकडीवर थोडी दगडी घरं, एक चर्च, आजूबाजूला द्राक्षांचे मळे आणि तिथवर नेणारा वळणावळणांचा रस्ता, एवढंच. 2019 साली या गावाने आपलं नाव बदलून ‘कास्तेलानिया कोप्पी’ करून घेतलं. त्याच्या शंभर वर्षं आधी, 15 सप्टेंबर 1919 रोजी, इथल्या एका शेतकऱ्याच्या घरी फाउस्तो कोप्पी जन्मला होता.

ज्यांना सायकल शर्यतींची गोडी आहे त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इटलीची मोठी शर्यत म्हणजे जिरो. ती त्याने पाच वेळा जिंकली. टूर द फ्रान्स दोनदा जिंकली. 1949 साली त्याने या दोन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्या, तोवर हे कोणालाच जमलं नव्हतं. 1952 मध्ये त्याने तेच पुन्हा करून दाखवलं. 1953 मध्ये तो जगज्जेता झाला. आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी, अशा एका आजाराने गेला की जो आपल्या हैदराबादेत गल्लीतला डॉक्टरही नाडी धरता धरता ओळखतो. मला तिथे जायचं होतं ते बरंचसं या शेवटच्या गोष्टीमुळे.

माझी भाची ट्यूरिनला पॉलिटेक्निकमध्ये शिकते. काचीगुड्याची पोर दोन वर्षांत इटालियन दुकानदारांशी घासाघीस करायला शिकली आहे, त्यामुळे मला दुभाषा घरचाच मिळाला. सप्टेंबरात आठ दिवस तिच्याकडे होतो. “मामा, म्युझियम बघायचं की डोंगर?” असं तिने विचारलं तेव्हा मी कास्तेलानियाचं नाव काढलं. तिने ते ऐकलेलंही नव्हतं. तिच्या घरमालकीणबाईंनी मात्र ऐकलं आणि हात छातीशी नेला. त्यांचे वडील म्हणे ‘कोप्पीवाले’ होते, आणि काका ‘बार्तालीवाले’. रविवारच्या जेवणाला दोघांना टेबलाच्या दोन टोकांना बसवावं लागे.

भाचीने मित्रांकडून दोन सायकली मागून आणल्या. इटलीच्या साध्या पॅसेंजर गाड्यांत सायकलीसाठी जागा असते. तिचं वेगळं तिकीट काढायचं आणि सायकल हुकाला लावून ठेवायची. अलेस्सांद्रियाच्या पुढे नोव्ही लिगुरे नावाचं स्टेशन लागतं, तिथे उतरलो.

नोव्ही हे तालुक्याच्या गावासारखं गाव. फाउस्तोला शाळेत रस नव्हता. शाळा बुडवून सायकल हाणत फिरल्याबद्दल एकदा त्याला ‘मी शाळेत असायला हवं, सायकलवर नव्हे’ अशा अर्थाचं वाक्य शंभर वेळा लिहायची शिक्षा झाली होती. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो या नोव्हीत मांसाच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. काम काय, तर गिऱ्हाइकांच्या घरी सायकलवरून माल पोचवायचा. दुकानात येणाऱ्यांत सायकलपटूही असत. त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडे. जहाजावर नोकरी करणारे एक काका होते, त्यांचंही नाव फाउस्तोच. त्यांनी आणि वडिलांनी मिळून त्याला शर्यतीच्या सायकलीसाठी पैसे दिले. आसपासच्या पोरांत झालेल्या पहिल्या शर्यतीचं बक्षीस होतं वीस लिरा आणि एक सँडविच. पुढे परवाना काढून रीतसर शर्यत जिंकली तेव्हा गजराचं घड्याळ मिळालं.

इथे थोडं आपलं सांगतो. आमच्या लहानपणी सुलतान बाजारात सायकली किरायाने मिळायच्या. पुण्याचे नातेवाईक आमच्या ‘किराया’ या शब्दाला हसत, पण आम्ही हैदराबादवाले भाड्याला किरायाच म्हणतो. तासाला आठ आणे. मधल्या दांडीखालून पाय घालून पहिला तास, आणि त्यानंतरचे आठ दिवस गुडघ्याला हळद. एक सायकल मिळाली की आपण गल्लीतून सुटतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्या पोऱ्याचं मन वेगळं समजावून सांगायला नको.

नोव्हीत आता एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये सायकलवीरांचं म्युझियम आहे. कोप्पीच्या आधीचा इथला थोर सायकलपटू कोस्तांते जिरार्देंगो आणि कोप्पी, असे दोघे त्याचे मुख्य मानकरी. एका तालुक्याने असे दोन जण द्यावेत याचं नोव्हीकरांना फार अप्रूप आहे, आणि ते आपल्याला सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. आत जुन्या सायकली, लोकरीच्या जर्सी, शर्यतीच्या वाटांचे नकाशे. मी बियांकी कंपनीच्या सायकलीपुढे बराच वेळ उभा होतो. तिचा रंग ना आकाशी ना मोरपिशी, दोन्हींच्या मधला. सायकलींच्या जगात या रंगाला स्वतःचं नावच आहे. सायकल पोलादाची, आजच्या मानाने जड. भाची म्हणाली, “यावर आल्प्स?” आणि मग गप्प झाली.

पण नोव्हीतल्या ज्या माणसाचं मला कुतूहल होतं त्याने या सायकली कधी नीट पाहिल्याच नाहीत. ब्याजो काव्हान्ना. मालिशवाला. पूर्वी जिरार्देंगोचे पाय चोळायचा, पुढे त्याची दृष्टी गेली. आंधळा झाल्यावर त्याने पोरांना तालीम द्यायला सुरुवात केली. कोणाच्या पायात काय आहे हे तो हात फिरवून सांगायचा. मांसाच्या दुकानातला हा काटकुळा, लांबलचक पायांचा, पाखरासारख्या छातीचा मुलगा त्याच्या हाताखाली आला. दिसायला अगदीच किडकिडीत. हाडं ठिसूळ, पुढे कितीदा तरी मोडली. पण काव्हान्नाच्या बोटांना काहीतरी कळलं. आपल्याकडे जुने उस्ताद तालमीत पोराचा खांदा दाबून बघत, तसंच काहीसं.

नोव्हीहून निघालो की स्क्रिव्हिया नदी लागते. ती ओलांडली आणि चढ सुरू झाला. चढ तसा फार नाही, पण तो संपत नाही. एका वळणावर वाटतं आलं गाव, तर पुढे आणखी एक वळण. दोन ठिकाणी मी सायकल हातात धरून चाललो. बाजूने एक आजोबा, सत्तरीचे तरी असतील, रंगीत जर्सी घालून शांतपणे पुढे गेले आणि जाताना काहीतरी म्हणाले. “काय म्हणाले गं?” “‘हळू हळू’ म्हणाले,” भाची म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, नेमकं तेवढंच म्हणाले नसावेत.

गावात शिरताना भिंतींवर कोप्पीचे घराएवढे फोटो दिसतात. लांब नाक, पुढे झुकलेली मान, डोळे जरा उदास. इतका जिंकलेला माणूस फोटोत क्वचितच मोकळेपणी हसताना दिसतो. त्याचं घर आता पाहायला खुलं आहे. शेतकऱ्याचं घर, जाड भिंती, लहान खिडक्या. स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर मला आजोळचं मराठवाड्यातलं घर आठवलं. वास निराळा, पण भिंतींचा गारवा तसाच.

1940 साली वीस वर्षांचा फाउस्तो पहिल्यांदा जिरोमध्ये उतरला तो मदतनीस म्हणून. सायकल शर्यतीत हे आपल्याला विचित्र वाटतं. संघात एक नायक असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवायला, पाणी आणायला, वेळ पडली तर आपलं चाक काढून द्यायला. नायक होता जिनो बार्ताली, इटलीचा लाडका, देवभोळा, टूर जिंकलेला. दुसऱ्याच दिवशी बार्तालीच्या सायकलीपुढे कुत्रं आलं, तो पडला आणि मागे राहिला. पोऱ्या पुढे निघाला आणि शर्यत जिंकला. जिरो संपली 9 जूनला. 10 जूनला मुसोलिनीने युद्ध पुकारलं. म्हणजे त्या पोराच्या वाट्याला आनंदाचा एकच दिवस आला.

नोव्हेंबर 1942 मध्ये, मिलानवर बाँब पडत होते त्या दिवसांत, त्याने तिथल्या व्हेलोड्रोमवर एका तासात 45.798 किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला. तो चौदा वर्षं टिकला. त्यानंतर काही महिन्यांतच त्याची रवानगी उत्तर आफ्रिकेच्या आघाडीवर झाली. एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात तो ब्रिटिशांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत पडेल ते काम करायचा. एका इंग्रज सायकलपटूने पुढे सांगितलं आहे की आपले केस कापणारा कैदी कोप्पी आहे हे ओळखून आपण थक्क झालो. ऐन पंचविशीची वर्षं अशी गेली. सुटल्यावर काही अंतर सायकलवर, काही अंतर कोणाच्या गाडीत बसून, मोडक्या इटलीतून तो घरी आला. याच रस्त्याने, आम्ही आलो त्याच चढाने.

1946 ची मिलान–सान रेमो ही युद्धानंतरची मोठी शर्यत. 290 किलोमीटरच्या वर अंतर. कोप्पी सुरुवातीलाच काही जणांबरोबर घोळक्यातून सुटला, तुर्किनोच्या घाटात त्या सगळ्यांनाही मागे टाकलं आणि चौदा मिनिटांच्या फरकाने जिंकला. दुसऱ्या क्रमांकाची वाट बघेपर्यंत रेडिओवाल्यांना नाचाची गाणी लावावी लागली अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, सांगण्यासारखी आहे.

तिथून पुढची सात-आठ वर्षं त्याची. सगळ्या शर्यतींची यादी दिली तर हा लेख रेल्वेच्या टाइमटेबलसारखा होईल. एक दिवस मात्र सांगितलाच पाहिजे. 10 जून 1949, कुनेओ ते पिनेरोलो. पिनेरोलो ट्यूरिनहून लोकल गाडीने तासाभराच्या आत आहे. एका संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन स्टेशनबाहेर कॉफी पीत डोंगरांकडे बघत बसलो होतो. त्या दिवशी या डोंगरांतले पाच घाट एकामागून एक चढायचे होते. मादालेना, व्हार, इझोआर, मोंजिनेव्ह्रो, सेस्त्रिएरे. पहिल्याच घाटात कोप्पी पुढे सटकला आणि त्यानंतर 192 किलोमीटर एकटा चालवत राहिला. हैदराबादहून निघून निजामाबाद ओलांडून पुढे जाण्याएवढं अंतर, तेही आल्प्स चढत-उतरत, कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरून. दुसरा आला बार्ताली, जवळजवळ बारा मिनिटांनी. ‘दिनो बुझाती’ हा मोठा कथालेखक त्या वर्षी वर्तमानपत्रासाठी शर्यतीचं वार्तांकन करत होता. त्याला ही झुंज पाहून होमरच्या काव्यातले अखिलिस आणि हेक्टर आठवले. आपला कोणी लेखक असता तर त्याला कर्ण-अर्जुन आठवले असते.

इटलीचे तेव्हा खरोखर दोन तट पडले होते. बार्ताली जुन्या वळणाचा, देवाधर्माचा. कोप्पी नव्या जमान्याचा. काय खावं, कसा सराव करावा, संघ कसा वापरावा याचा शास्त्रशुद्ध विचार करणारा. 1952 च्या टूरमधला एक फोटो इटलीत घरोघरी माहीत आहे. घाट चढताना दोघे एका बाटलीला हात लावून आहेत. कोणी कोणाला पाणी दिलं यावर आजही वाद होतात. घरमालकीणबाईंना मी तो फोटो मोबाइलवर दाखवला. त्या ठामपणे म्हणाल्या, “कोप्पीने दिलं.” वडिलांची बाजू त्यांनी अजून सोडलेली नाही.

म्युझियम आणि गावातलं घर दोन्हीकडे एक हसरा चेहरा वारंवार दिसतो. तो धाकटा भाऊ सेर्से. तोही सायकलपटू, पण मोठ्याच्या जवळपासही नाही. 1949 ची पॅरिस–रूबे शर्यत त्याला एका फ्रेंच सायकलपटूबरोबर विभागून मिळाली, ती त्याची मोठी कमाई. मात्र त्याची खरी गरज वेगळीच होती. फाउस्तो अबोल, चिंतेखोर. सेर्से गप्पिष्ट. मोठ्याला हसवायचं, जेवायला बसवायचं, शर्यत सोडून द्यावीशी वाटली की समजूत काढायची, हे काम त्याचं. 29 जून 1951 रोजी ट्यूरिनमध्ये एका शर्यतीचा शेवट जवळ आला असताना त्याचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि तो डोक्यावर पडला. उठला, शर्यत पुरी केली, हॉटेलात गेला. काही तासांत मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला. भाची ट्यूरिनला रोज ट्रामचे रूळ ओलांडून कॉलेजला जाते, तेही सायकलवर. हे वाचल्यापासून मी तिला रोज सांगत होतो, “रूळ आडवे ओलांड गं, तिरकी जाऊ नकोस.” तिसऱ्या दिवशी ती वैतागली.

भावाला पुरून काही दिवसांत फाउस्तो टूरला गेला. माँपेलिएच्या टप्प्यावर उन्हात तो पार कोसळला, अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला, पण शर्यत पुरी केली. पुढच्याच वर्षी त्याने जिरो आणि टूर दोन्ही जिंकल्या. 1953 मध्ये जिरोमध्ये पहिल्यांदाच स्टेल्व्हिओचा घाट आला, 2,750 मीटरहून उंच, रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती. गुलाबी जर्सी कोब्लेट या देखण्या स्विस सायकलपटूच्या अंगावर होती. कोप्पीने तिथे त्याला मागे टाकलं आणि आपली पाचवी जिरो जिंकली. आज त्या शर्यतीतल्या सर्वांत उंच ठिकाणाला ‘चिमा कोप्पी’ म्हणजे कोप्पीचं शिखर म्हणतात.

यापुढची गोष्ट आपल्याकडच्या मंडळींना सांगताना मी जरा थांबतो, पण टाळणार नाही. कोप्पी विवाहित होता, एक मुलगी होती. जूलिया ओक्किनी नावाच्या एका डॉक्टरांच्या पत्नीवर त्याचं प्रेम जडलं. तिच्या फिक्या कोटावरून वर्तमानपत्रांनी तिला ‘पांढऱ्या वस्त्रातली बाई’ केलं. इटलीत तेव्हा घटस्फोट नव्हता, तो कायदा आला 1970 मध्ये. व्यभिचार हा गुन्हा होता. पोलीस रात्री घरी आले, जूलियाला काही दिवस तुरुंगात ठेवलं, 1955 मध्ये खटला होऊन दोघांना स्थगित शिक्षा झाली. त्यांचा मुलगा अर्जेंटिनात जन्माला आला, कारण इटलीत त्याला बापाचं नाव लागलं नसतं. ज्यांनी रस्त्यावर उभं राहून फुलं उधळली होती त्यांतले बरेच जण तोंड फिरवू लागले. दोन घरं मोडली आणि दोन्हीकडे मुलं होती, हे खरं. पण पोलीस चादर चाचपून बघतात असा कायदा मला त्या दोघांच्या वागण्यापेक्षा जास्त ओंगळ वाटतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तो उत्तेजक गोळ्या घ्यायचा. तेव्हा त्यावर बंदी नव्हती, सगळेच घेत. फरक इतकाच की कोप्पी ते लपवत नसे. गरज पडली तरच, असं तो म्हणे, आणि गरज किती वेळा पडते विचारलं तर जवळजवळ नेहमी.

पस्तिशी उलटली, पाय थकले, तरी तो धावत राहिला. लोक त्याला नुसतं बघायला येत आणि आयोजक त्याचे पैसे देत. डिसेंबर 1959 मध्ये अशाच एका आमंत्रणावरून तो आफ्रिकेत गेला. त्या देशाला तेव्हा अप्पर व्होल्टा म्हणत, आता बुर्किना फासो. बरोबर फ्रान्सचे नामांकित सायकलपटू होते, आंकतील, रिव्हिएर, जेमिनियानी. 13 तारखेला वागाडुगूला शर्यत झाली, मग शिकार. कोप्पी आणि रफाएल जेमिनियानी एका खोलीत झोपले. डासांनी रात्रभर दोघांनाही फोडून काढलं.

नाताळानंतर दोघांनाही ताप भरला, एक फ्रान्समध्ये, एक इटलीत. फ्रान्समध्ये जेमिनियानीच्या रक्ताची तपासणी झाली, मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार सापडला, क्विनीन दिलं गेलं. तो वाचला. नुसता वाचला नाही, 2024 साली वारला तेव्हा नव्याण्णव वर्षांचा होता. इटलीत कोप्पीच्या डॉक्टरांनी फ्लू धरला, मग छातीत न्यूमोनिया धरला. जेमिनियानीच्या घरून निरोप आला होता की हा मलेरिया आहे. आमच्या रोग्याचं आम्ही बघतो, अशा अर्थाचं उत्तर गेलं असं सांगतात. 2 जानेवारी 1960 रोजी सकाळी तोर्तोनाच्या दवाखान्यात फाउस्तो कोप्पी गेला.

माझे वडील तीस वर्षं सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. आमच्या घरात ताप म्हटला की थर्मामीटरच्या आधी सुई निघायची. बोटाला टोचायचं, काचेवर एक थेंब जाड पसरायचा, एक पातळ, वाळला की जांभळा रंग द्यायचा आणि भिंगाखाली अंगठीसारखे कण शोधायचे. लहानपणी एकदा बाबा मला सायकलवर डबल सीट घेऊन बेगमपेटला गेले होते. तिथे एक जुनं घर आहे. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस याला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, त्याची आठवण जपणारं. हुसेन खान नावाच्या एका रोग्याने त्यासाठी डासांकडून स्वतःला चावून घेतलं होतं, एका डासामागे एक आणा घेऊन. रॉसला नोबेल मिळालं. “आणि हुसेन खानला दहा आणे,” असं बाबा प्रत्येक वेळी सांगत.

मलेरिया हा शब्द मुळात इटालियन. ‘माला आरिया’, वाईट हवा. इटलीने या रोगाने शतकानुशतकं माणसं गमावली, इटलीतल्याच ग्रास्सी या शास्त्रज्ञाने माणसाचा मलेरिया कोणत्या डासातून येतो हे रॉसच्या पाठोपाठ शोधून काढलं. युद्धानंतर फवारण्या करून त्यांनी तो देशातून जवळजवळ घालवलाही. आणि मग दहा वर्षांत तो डॉक्टरांच्या मनातूनही गेला.

कास्तेलानियाच्या चौकात बसून मी बाबांना फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती. बाबांना सायकल शर्यतीतलं काही कळत नाही, पण त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“आफ्रिकेत कधी होता?”

“डिसेंबरच्या मध्यावर.”

“आणि ताप?”

“नाताळानंतर.”

बाबा बोटांवर मोजत असावेत. “बरोबर बसतं. दहा-बारा दिवस. मग स्लाइड नाही काढली?”

“नाही काढली, बाबा.”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक थेंब लागतो रे.” आणि फोन आईकडे दिला.

चर्चजवळ दोघा भावांची समाधी आहे, शेजारी शेजारी. फाउस्तोच्या अंत्ययात्रेला याच टेकडीवर हजारो माणसं चढून आली होती. बार्तालीही होता. ज्या वर्षी कोप्पी गेला त्या वर्षी तो एका नव्या संघातून धावणार होता आणि त्या संघाचा व्यवस्थापक बार्ताली असणार होता. वीस वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी पाणी वाहायला आला होता त्याच्याच हाताखाली पुन्हा. समाधीपाशी लोकांनी टोप्या, पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. आम्ही गेलो तेव्हा चढावर भेटलेले ते आजोबा तिथे बसून टोमॅटो खात होते. त्यांनी भाचीला विचारलं, हे कुठून आले. तिने हैदराबाद म्हटलं. त्यांना ते समजलं नाही. मग तिने मोबाइलवर नकाशा दाखवून, मला वाटतं, बेगमपेटची आणि डासाची हकीकत सांगितली, कारण त्यांनी एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिलं, टोमॅटोची पिशवी पुढे केली आणि सरकून बाकावर जागा दिली.

तुमच्यापैकी बरीच मुलं आता ट्यूरिन, मिलानला शिकायला जातात, म्हणून लिहून ठेवतो. ट्यूरिनहून सकाळच्या पॅसेंजरने नोव्ही लिगुरे, म्युझियमला दोन तास ठेवा. तिथून कास्तेलानिया साधारण वीस किलोमीटर. सायकल नसेल तर तोर्तोना किंवा नोव्हीहून टॅक्सी ठरवावी, परतीचंही आधीच बोलून घ्यावं. घर पाहायचं असेल तर उघडण्याची वेळ फोन करून विचारा, आमच्या भाचीने विचारली होती म्हणून बरं. वर खायला फारसं काही मिळत नाही. या भागात बेसनाच्या जाड धिरड्यासारखा ‘फारिनाता’ मिळतो, तो नोव्हीतच बांधून घ्या. सोबत लोणचं असेल तर उत्तम. उतरताना ब्रेक आधी तपासा.